ब्रेक दाबला तरी मागे दिवा नाही: जुन्या ॲम्बेसिडर-पद्मिनीच्या ब्रेक लाइटची वायरिंग कशी तपासावी

आधी गाडी नेमकं काय करते ते बघा. मागे उभं राहायला कुणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, किल्ली चालू करा, ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीवर पडणारा लाल उजेड बघा. डावी-उजवी बाजू वेगळी कळते, मंद-प्रखर कळतं. मग टेल लॅम्प लावून पुन्हा ब्रेक दाबा. त्यानंतर एका बाजूचा इंडिकेटर लावून पुन्हा दाबा. पाच मिनिटांच्या या कामात निम्मं निदान होतं.

लक्षणं आणि त्यांचा रोख असा असतो:

- दोन्ही ब्रेक लाइट बंद, टेल लॅम्प मात्र ठीक: फ्यूज, ब्रेक स्विच, किंवा स्विचपासून डिकीपर्यंत जाणारी वायर.
- एकच बाजू बंद: त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारा जोड). दुसरी बाजू लागते म्हणजे फ्यूज आणि स्विच ठीक आहेत. तिकडे वेळ घालवू नका.
- ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर ब्रेक लाइट लुकलुकतो: अर्थ गेलेला आहे.
- पॅडल जोरात दाबलं तरच लाइट लागतो: तेलाच्या दाबावर चालणारा स्विच थकला.
- ब्रेक सोडला तरी लाइट तसाच: स्विच चिकटला, किंवा ब्रेकच पूर्ण सुटत नाही. हे दुसरं कारण धोक्याचं.
- ब्रेक दाबला की फ्यूज उडतो: वायर कुठेतरी पत्र्याला लागली.
- खड्ड्यात गेल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर येतो-जातो: लूज जोड, गंजलेला होल्डर, कापलेली वायर.

बहुतेक गाड्यांत दोष बल्बमध्ये नसतो आणि स्विचमध्येही नसतो, तो अर्थमध्ये असतो. तरी सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासूनच करायची. त्या दहा मिनिटांत उरकतात, आणि त्या सोडून पुढे गेलं तर पुढची मापं फसवी येतात.

सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, जुना २१ वॉटचा बल्ब आणि त्याला दोन वायरी डकवून केलेला टेस्ट लॅम्प, हातभर वायर, बारीक पॉलिश पेपर, पक्कड, फ्यूज आणि दोन नवे बल्ब. पेनासारखा एलईडी टेस्टर इथे कामाचा नाही. त्याला इतका कमी करंट लागतो की एका धाग्यावर लटकलेली वायरही तो ‘ठीक’ दाखवतो.

किल्ली, बॅटरी, फ्यूज

ॲम्बेसिडरच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रेक लाइटला करंट किल्लीतून येतो. किल्ली बंद ठेवून ब्रेक दाबला तर लाइट लागणारच नाही. हा दोष नव्हे. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास असावी. ती ११.८ वर असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं प्रत्येक माप तुम्हाला चुकीच्या दिशेला नेईल.

ॲम्बेसिडरमध्ये ब्रेक लाइटच्या फ्यूजवरच इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा असतो. म्हणून फ्यूज काढून बघण्याआधी पेट्रोलचा काटा हलतो का, इंडिकेटर लागतात का, ते बघा. तेही बंद असतील तर फ्यूज किंवा फ्यूजला येणारी वायर. ते चालू असतील तर फ्यूज ठीक आहे, पुढे चला.

फ्यूज बदलताना एक गोष्ट नीट समजून घ्या. लुकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज वितळण्याचा. सतत वाहायला त्याची मर्यादा साधारण १७ अँपिअरची. बाजारातल्या आजच्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहणाऱ्या करंटचा असतो. म्हणून जुन्या ३५ च्या जागी आजचा ३५ टाकला तर फ्यूज उडण्याआधी वायर पेटेल. तिथे १५ चा फ्यूज पुरतो. पद्मिनीत फियाटच्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात. त्यांच्या पितळी पट्ट्या ढिल्या पडतात आणि काळ्या होतात. फ्यूज शाबूत दिसतो, पण करंट पुढे जात नाही. पट्ट्या पेपरने घासा, पकडीने हलक्या हाताने आत दाबा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ केलेला दिसला तर ती लगेच काढा.

बल्ब आणि होल्डर

बहुतेक मागच्या दिव्यांत २१/५ वॉटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो. २१ ब्रेकचा, ५ टेलचा. त्याच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावला तर उलटाही बसतो. मग टेल लॅम्प झगझगीत आणि ब्रेक दाबल्यावर उजेड जेमतेम. असं दिसलं तर बल्ब काढून नीट बसवा.

बल्ब नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका. फिलामेंट तुटूनही टोकाला टेकलेलं राहतं आणि हलल्यावर सुटतं. बॅटरीवर थेट लावून बघा. बल्ब काढलाच आहे तर होल्डरमध्ये डोकवा: तळाचे दोन स्प्रिंगवाले टोक हिरवट-पांढरे झालेत का, स्प्रिंग दाबल्यावर परत वर येते का. गंज पेपरने काढा. स्प्रिंग मेलेली असेल तर होल्डर बदला. तिच्याखाली काहीतरी दाबून बल्ब टेकवण्याचा उद्योग पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

लेन्स धुवायला विसरू नका. काळ्या मातीची धूळ आतून बसते, पावसाळ्यात ओली होते आणि थर धरते. दुपारच्या उन्हात अशा लेन्समागचा चांगला ब्रेक लाइटही दिसत नाही.

अर्थ: इथे थांबा आणि वेळ द्या

जुन्या गाडीत बल्बला करंट वायरीने येतो आणि परत बॅटरीकडे जातो तो गाडीच्या पत्र्यातून. दिव्याचा धातूचा सांगाडा बॉडीला स्क्रूने लागलेला असतो, तोच अर्थ. हा स्क्रू गंजला, किंवा सांगाडा आणि पत्रा यांच्यामध्ये रंग आला, की परतीची वाट बंद. मग करंट दुसरी वाट शोधतो: शेजारच्या टेल लॅम्पच्या किंवा इंडिकेटरच्या फिलामेंटमधून. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो तो यामुळे.

हा दोष सर्वात जास्त दिसतो तो नुकत्याच रंगवलेल्या गाड्यांत. डेंटिंग-पेंटिंग करताना दिवे काढतात, जागेवर पुट्टी, प्रायमर आणि दोन हात रंग चढतो, आणि दिवे परत त्या रंगावरच बसवले जातात. गाडी देखणी होते, अर्थ जातो. रंगाला टाकणार असाल तर कारागिराला आधीच सांगा की दिव्याच्या स्क्रूभोवती रुपयाएवढी जागा कोरी पत्र्याची ठेव.

अर्थ तपासण्याची पद्धत अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. बल्ब जागेवर असू द्या. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरीने जोडा, लाल पिन होल्डरच्या धातूच्या अंगाला लावा. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. मीटरने ०.२ व्होल्टच्या आत दाखवायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर अर्थ कमजोर आहे. एक किंवा जास्त आला तर दोष सापडला, पुढे काही शोधू नका.

ब्रेक दाबलेला असतानाच मापायचं, हे महत्त्वाचं. ब्रेक न दाबता वायरीत करंट वाहत नाही, आणि न वाहणारा करंट अडथळा दाखवत नाही. पाटात गवत अडकलेलं पाणी सोडल्यावरच कळतं, तसं हे आहे. बल्ब काढून मीटरने १२ व्होल्ट बघितले आणि ‘वायर चांगली’ म्हणून सोडून दिलं, हीच बहुतेक ठिकाणी होणारी गफलत.

दोन व्होल्ट कुठेतरी अडले तर काय बिघडतं? १२ व्होल्टचा बल्ब १० वर चालवला की त्याचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. दिवा ‘लागतो’ म्हणून मालक खूश, पण कन्नडच्या घाटात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ब्रेक लाइट आणि टेल लॅम्प यातला फरक कळत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात धाराशिव-लातूरकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. अंधारात अचानक ट्रॉली समोर आली की तुम्ही ब्रेक दाबता, आणि मागच्याला ते त्याच क्षणी कळायला हवं.

दुरुस्ती सोपी आहे. दिवा काढा, स्क्रूच्या जागेचा रंग-गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, स्क्रूवर दातेरी वॉशर टाका, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. कायमचा इलाज हवा असेल तर दोन्ही होल्डरच्या अंगापासून १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर काढा. ती डिकीतल्या एका घासलेल्या बोल्टला रिंग लग (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची कडी) दाबून जोडा. ही वायर घातलेल्या गाडीत हा दोष सहसा परत येत नाही. नवी वायरिंग, नवा स्विच, एलईडी बल्ब यांच्या आधी ही एक काळी वायर घाला, एवढं तरी ऐका.

एलईडीबद्दलही सांगायला हवं. एलईडीला करंट फार कमी लागतो, म्हणून खराब अर्थवरही तो लागतो आणि दोष झाकला जातो. त्याच अर्थवर इंडिकेटर मात्र चुकतच राहतो. शिवाय जुना परावर्तक गोल फिलामेंटच्या उजेडासाठी घडवलेला असतो. एकाच बाजूला तोंड असलेला स्वस्त एलईडी त्यात टाकला तर समोरून झगमगतो आणि तिरक्या कोनातून दिसत नाही. घालायचाच तर अर्थ सुधारल्यावर, आणि लाल लेन्समागे लाल रंगाचाच.

ब्रेक स्विच

त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत हा स्विच पॅडलवर नसतो. तो ब्रेक ऑइलच्या पाइपवर बसवलेला असतो, त्याला दोन वायरी असतात, आणि तेलाचा दाब वाढला की आतले टोक जुळतात. काही गाड्यांत नंतर पॅडलजवळ दांडीचा स्विच बसवलेला आढळतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी बघा.

तपासणी दोन्हींची सारखी. किल्ली चालू ठेवा, स्विचच्या दोन्ही वायरी काढा आणि एकमेकींना टेकवा. मागचे लाइट लागले तर स्विच गेला. नाही लागले तर टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं त्या दोन वायरींना आळीपाळीने लावा. एकीवर लॅम्प पूर्ण पेटायला हवा. पेटला तर करंट स्विचपर्यंत येतोय आणि दोष मागे जाणाऱ्या वायरीत आहे. कुठल्याच वायरीवर पेटला नाही तर फ्यूज आणि स्विच यांच्यामधली वायर बघा. मूळ वायरिंग शाबूत असेल तर ॲम्बेसिडरमध्ये स्विचला येणारी वायर हिरवी आणि मागे जाणारी हिरवीवर जांभळी रेघ असलेली असते. टेल लॅम्पची लाल. मधे कुणी हात घातलेला असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्पवर ठेवा.

पॅडलचा स्विच असेल तर तो नट सैल करून पुढे-मागे सरकवता येतो. पॅडल थोडं हललं की लाइट लागावा आणि सोडलं की विझावा. तेलाच्या स्विचला अशी सेटिंग नसते. तो जोरात दाबल्यावरच लागत असेल, किंवा वायरींच्या टोकाशी तेल ओलं दिसत असेल, तर बदलायचाच.

हे स्विच लवकर का मरतात? थंड फिलामेंटचा रोध गरम फिलामेंटच्या साधारण दहावा हिस्सा असतो. दोन २१ वॉटचे बल्ब चालू असताना साडेतीन अँपिअर घेतात, पण लागण्याच्या क्षणी कितीतरी पट जास्त ओढतात. प्रत्येक ब्रेकला आतल्या टोकांवर ठिणगी उडते. त्यात मागच्या काचेवर तिसरा ब्रेक लाइट, खाली आणखी दोन शोभेचे दिवे असं जोडत गेलं की स्विच एखाद्या मोसमात जळतो.

यावर चार पायांचा साधा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हा उत्तम उपाय. स्विचमधून निघणारी वायर रिलेच्या ८६ ला द्या, ८५ अर्थला. फ्यूजमधून आलेला करंट स्वतंत्र १० अँपिअरच्या फ्यूजने ३० ला, आणि ८७ वरून मागच्या दिव्यांना. मग स्विचमधून फक्त रिलेच्या गुंडाळीचा थोडासा करंट जातो आणि दिव्यांना पूर्ण व्होल्टेज मिळतं. ८७ए लिहिलेला पाय असेल तर तो मोकळा ठेवा. ३० ची वायर थेट बॅटरीवरून घेतली तरी चालेल, पण फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा.

लाइट विझतच नसेल तर स्विचची एक वायर काढा. विझला तर स्विच चिकटलाय किंवा पाइपमध्ये दाब अडकलाय. तरीही विझला नाही तर वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दाब अडकलाय का ते असं कळतं: गाडी चार-पाच किलोमीटर चालवा, उतरून चाकांजवळ हात न लावता उष्णता जाणवते का बघा, मोकळ्या रस्त्यावर गाडी जड वाटते का बघा. पॅडलला थोडा मोकळा खेळ असायलाच हवा. चाकं तापत असतील तर ब्रेक लाइटचा विषय बाजूला ठेवा. तो ब्रेकचा दोष आहे.

वायर

वायर पुढून मागे दारांच्या उंबऱ्यालगत, गालिच्याखालून डिकीत जाते. ती कुठे मरते हे ठरलेलं आहे. पत्र्याच्या छिद्रातला रबरी ग्रोमेट उन्हाळ्यात वाळून तुटतो आणि उघडी पडलेली कडा वायरीचं आवरण कापते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. बंद गाडीत त्याहून बरंच जास्त. जुनं आवरण कडक होऊन बोटाने वाकवलं तरी तडकतं. डिकीचं रबर गेलेलं असेल तर पावसाचं पाणी नेमकं दिव्यांच्या जोडांवर ओघळतं. तिथे रबरी नळीत दाबलेले गोल टोकाचे जोड असतात. ते ओढून बघा, हिरवी पूड निघाली तर बदला. आणि गाडी शेतावरच्या शेडमध्ये, कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असेल तर उंदीर. गालिचा उचला, लेंड्या दिसल्या की त्या टप्प्यातली वायर हाताने चाचपून बघा.

ब्रेक दाबल्यावर फ्यूज उडत असेल तर फ्यूजवर फ्यूज जाळू नका. दोन्ही मागचे बल्ब काढा, वायपर आणि इंडिकेटर बंद ठेवा, फ्यूजच्या जागी २१ वॉटचा टेस्ट लॅम्प जोडा. किल्ली चालू करून ब्रेक दाबून धरायला सांगा. लॅम्प पूर्ण पेटला म्हणजे वायर पत्र्याला लागलेली आहे. आता पुढून मागे वायर हलवत जा. ज्या ठिकाणी हलवल्यावर लॅम्प विझतो, दोष तिथेच. या पद्धतीत करंट दोन अँपिअरच्या पुढे जात नाही, म्हणून वायर जळण्याची भीती नाही.

नवी वायर ओढायची तर गाडीची, अनेक धाग्यांची घ्या. घरातल्या वायरिंगची एक तारेची कंपनाने तुटते. पाच मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर वायरीत साडेतीन अँपिअरला सुमारे ०.३ व्होल्ट जातात, १.५ च्या वायरीत ०.२. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.६ जातात. म्हणून १ किंवा १.५. छिद्रातून जाईल तिथे नवा ग्रोमेट, जोडाला दाबलेला लग आणि वर आक्रसणारी नळी. नुसती पीळ मारून टेप गुंडाळली तर मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो.

शेवटी पुरवठ्याच्या बाजूचं माप घ्या: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी होल्डरच्या तळाच्या ब्रेकच्या टोकाला, बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर काम झालं.

कुठे थांबायचं

बल्ब, फ्यूज, अर्थ, होल्डर, पॅडलचा स्विच, डिकीतले जोड ही घरची कामं. तेलाच्या पाइपवरचा स्विच बदलणं हे ब्रेकचं काम आहे, वायरिंगचं नाही. तो काढला की पाइपमध्ये हवा शिरते आणि चारही चाकांवरून एअर काढावी लागते. ते येत नसेल तर ब्रेकच्या मिस्त्रीकडे न्या. त्यालाही तीन गोष्टी सांगा: चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही, कारण तिचा तुकडा पाइपात जाऊ शकतो. तेल सीलबंद डब्यातलंच टाकायचं, कारण उघड्या डब्यातलं तेल हवेतला ओलावा ओढतं. रंगावर तेल सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंग निघतो. काम झाल्यावर पॅडल घट्ट लागलं पाहिजे. स्पंजासारखं दबत असेल तर गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढू नका.

डॅशबोर्डमागे वायरींचा गठ्ठा वितळलेला दिसला, जळका वास आला, किंवा वरच्या पद्धतीने फ्यूज उडण्याचं ठिकाण सापडलं नाही, तर बॅटरीची केबल काढून ठेवा आणि जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला लागलेला असेल तरी त्यालाच बोलवा. अशा गाडीत वर सांगितलेल्या मीटरच्या पिना उलट्या होतात आणि साधा एलईडी लागत नाही. त्याला ‘लाइट लागत नाही’ एवढंच सांगू नका. कोणत्या बाजूचा, ब्रेक किती दाबल्यावर, अर्थवर किती व्होल्ट आले, हे कागदावर लिहून द्या. त्याचा तास वाचतो आणि तुमची मजुरी.

नोंदणीला पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे दिवे बघितले जातात. तारीख येण्याआधीच्या आठवड्यात अर्थचं ते एक माप पुन्हा घ्या, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर.